बिडीची सुट्टी

बिडी सोडा असं सांगणाऱ्या माणसाचा मला अजूनही राग येतो. त्याचं सांगणं चूक नसतं. पण सांगून झालं की तो आपल्या वाटेनं निघून जातो, त्याचा राग येतो. आता दवाखान्याच्या भिंतीवर, एस.टी.त, सिनेमा सुरू व्हायच्या आधी, सगळीकडे तेच सांगतात. सांगा बापहो, सांगा. पण सोडणाऱ्याचा दिवस कसा जातो, तो कुठं कामाला जातो, कोणाशेजारी बसतो, हे कोणी विचारतं का? आमच्या घरी एकानं सोडली होती. अख्खा पावसाळा आणि हिवाळा त्यानं बिडीला हात लावला नव्हता. पुढं काय झालं ते सांगते. शांतपणे सांगणं मला जमायचं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आमचं गाव नागभीडच्या पुढं, धानाच्या बांध्या संपून जंगल लागतं तिथं. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातच होतं. घरात आम्ही चौघं. मी, आमचे हे, माझे भासरे म्हणजे यांचे थोरले भाऊ, आणि जाऊबाई. सासू-सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. यांना भासऱ्यांनीच लहानाचं मोठं केलं, नांगर धरायला शिकवलं, आणि बिडीही त्यांनीच शिकवली. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नव्हतं. मिसरूड फुटलं की मोठा भाऊ आपल्या कट्ट्यातली, म्हणजे बिड्यांच्या जुडीतली, एक बिडी काढून देई, आणि तेवढ्यानं पोरगा मोठ्या माणसांत बसायला मोकळा होई.

भासऱ्यांशी मी बोलत नसे. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी तोंडानं बोलायचं नाही, असा रिवाज. त्यांच्यासमोर डोईवरचा पदर ढळू द्यायचा नाही, ते बसलेले असतील तिथं बसायचं नाही, आणि काही सांगायचं असेल तर जावेला सांगायचं. जाऊ त्यांना सांगेल. लग्न होऊन आल्यापासून मी एक शब्द त्यांच्याशी बोलले नव्हते, आणि तेही माझ्याकडे पाहून कधी बोलले नव्हते. गावात सगळ्याच घरी असं होतं.

एका रोवण्याला यांचा खोकला वाढला. चिखलात वाकून रोपं लावताना अशी ढास लागायची, की हे कमरेवर हात देऊन उभे राहत आणि तोंड उघडून हवा शोधत. भासऱ्यांनी बैलगाडी जुंपली आणि आम्ही दवाखाना गाठला. कुठला दवाखाना ते सांगत नाही, सगळे सारखेच होते. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाठ ठोकून पाहिली आणि म्हणाले, बिडी बंद करा, नाहीतर छाती कामातून जाईल. टेबलावर त्यांचा स्वतःचा सिगारेटचा डबा होता आणि राखेनं भरलेली बशी होती. यांनी एकच गोष्ट विचारली. तलप आली तर काय करायचं? डॉक्टर हसले, मनावर घ्या म्हणाले आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

त्याच वर्षी आमच्या गावात हिवतापाचे फवारेवाले आले होते. पाठीवर पंप, डोक्याला फडकी, घरोघर फिरले. गोठा सोडला नाही, कोठी सोडली नाही, देवघराच्या भिंतीवरही मारलं. विहिरीत औषध टाकलं, पोरांच्या दंडावर देवी टोचल्या. हिवतापानं आमची किती माणसं गेली होती ते मी पाहिलं होतं, म्हणून मला ते सारं पटत होतं. पण याच फवारेवाल्यांचा मुकादम आमच्या ओसरीवर टेकला तेव्हा बोलायला सुरुवात करायची म्हणून त्यानं यांच्यापुढं बिडी धरली. डास मारायला सरकारची गाडी, सरकारची माणसं, सरकारचा पंप. आणि बिडी सोडायला काय, तर ज्याचं त्याचं मन. माझ्या तळपायाची आग तेव्हाच मस्तकात गेली होती.

यांनी सोडली मात्र. कोणाच्या मदतीशिवाय सोडली. सुरुवातीचे दिवस घरात राहणं मुश्कील होतं. भातात खडा लागला म्हणून ताट भिरकावलं, बैलावर उगाच ओरडले, रात्री-अपरात्री उठून अंगणात फेऱ्या मारल्या. मी चणे भाजून, आवळ्याच्या फोडी वाळवून, एका पिशवीत घालून कमरेला अडकवून दिल्या. तलप आली की तोंडात एक फोड टाकायची आणि अंबाडीची दोरी वळत बसायचं, ही यांनीच काढलेली युक्ती. त्या हिवाळ्यात आमच्या घरी इतकी दोरी झाली, की गावात कोणाच्या बैलाचं दावं तुटलं की तो आमच्या दारात येई. लोकांना गंमत वाटायची. बायकोनं बिडी सोडवली म्हणून चिडवायचे. पाहुणा आला की मुद्दाम बिडी पुढं करायचा, आणि यांनी हात जोडले की त्याचा चेहरा उतरायचा. आमच्याकडे बिडी नाकारणं म्हणजे माणूसच नाकारणं. यांना रोज कोणाला ना कोणाला दुखवावं लागत होतं.

भासऱ्यांचाही हात सवयीनं पुढं यायचा. मी जाऊबाईंना म्हटलं, त्यांना सांगा, यांच्यापुढं बिडी धरू नका. जाऊबाई बऱ्या होत्या, पण नवऱ्याला कुठली गोष्ट तोडून सांगणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. बाप्यामाणसांच्या गोष्टी बाप्यामाणसं पाहतात, म्हणाल्या. त्यांनी काय सांगितलं, किती सांगितलं, देव जाणे.

तरी धान कापायला आलं तेव्हा यांचा श्वास परत आला होता. धानाचा भारा डोक्यावर घेऊन हे शेवटच्या बांधीतून खळ्यापर्यंत न टेकता येऊ लागले. एकदा मी चुलीपाशी होते आणि शेतातून बैलांना घातलेली यांची हाक घरात ऐकू आली. ती हाक मी कितीतरी दिवसांत ऐकली नव्हती, कारण हाक घालायला छातीत हवा लागते. मी फुंकणी हातात धरून तशीच बसून राहिले. आयुष्यात मला इतका आनंद फार थोड्या वेळा झाला आहे.

मग उन्हाळा आला आणि तेंदूची फळी लागली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. उन्हाळ्यात आमच्या जंगलात तेंदूची पानं तोडतात. त्याच पानाची बिडी होते. बायामाणसं पहाटे पानं तोडून आणतात, मोजून पुडे बांधतात, आणि ठेकेदाराचा मुन्शी ते एका मोकळ्या मैदानावर मांडून घेतो. त्या मैदानाला फळी म्हणायचं. तिथं पुडे रांगेनं वाळत घालायचे, उलटायचे, वाळले की पाणी शिंपडून पोत्यांत भरायचे. सावली नाही, कारण पुड्यांना ऊन हवं. एका कडेला एक मोहाचं झाड, तेवढंच. धानाच्या गावांना उन्हाळ्यात दुसरं काम नसतं, म्हणून आम्ही चौघंही दरवर्षी फळीवर जात असू. भासरे पोती भरण्यात आणि लादण्यात वाघ होते, त्यांच्यावाचून मुन्शीचं पान हलत नसे.

दिवसातून मधूनमधून मुन्शी ओरडायचा, बिडी पिऊन घ्या रे. मग ज्यांच्या हातात बिडी ते मोहाखाली जाऊन बसत. ज्यांच्या हातात बिडी नाही ते पुडे उलटत राहत. हा नियम कोणी केला होता असं नाही. कधीपासून तरी तसंच चालत आलं होतं. सुट्टी बिडीची होती, माणसाची नव्हती. बिडी न ओढणाऱ्यानं सावलीत पाय ठेवला तर काम नाही का म्हणून विचारत. आणि ठेकेदाराकडून रोज सकाळी बिड्या फुकट वाटल्या जात. पाणी मात्र आपण घरून आणायचं.

फळीवर इतक्या बायका बिडी का ओढतात याचं मला आधी नवल वाटायचं. घरी कधी न ओढणाऱ्या, अगदी तरण्या पोरीसुद्धा फळीवर बिडी पेटवायच्या. मला वाटायचं, थेर आहेत. यांनी बिडी सोडल्यावर त्या उन्हाळ्यात माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कंबर मोडून आलेल्या बाईला पाठ टेकायची असेल तर तिच्या बोटांत बिडी लागत होती. बाळंतपण होऊन महिना झालेली एक बाई बिडी पेटवून नुसती खाली धरून बसायची, आणि राख पडायला लागली की घाईघाईनं एक झुरका मारायची, सुट्टी संपू नये म्हणून. असं करून करून तिलाही लागली. नाद कसा लागतो म्हणून विचारतात शहाणे लोक. असा लागतो.

यांना बसायला मिळेना. ज्या छातीसाठी बिडी सोडली तीच छाती उन्हात भाजून निघू लागली. सगळे मोहाखाली गेले की अख्ख्या फळीवर हे, मी आणि अजून थोड्या बायका, इतकेच वाकलेले. हे घडीघडी झाडाकडे बघायचे. एकदा यांनी मुन्शीला विचारलंच. मुन्शी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"तू त बिडी पित नाई ना बा, मंग तुले कायची सुट्टी?"

झाडाखाली हशा पिकला. हेही हसले. यांचं ते हसणं माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही.

मुन्शी काही माझा भासरा नव्हता, त्याच्याशी बोलायला मला बंदी नव्हती. मी जाऊन त्याला सांगितलं, यांची छाती अधू आहे, डॉक्टरनं बिडी बंद केली आहे, यांना घटकाभर बसू द्या. त्याला ते फार विचित्र वाटलं. म्हणाला, आज एक बिनबिडीचा बसला तर उद्या सगळे बसतील, मग पुडे कोण उलटणार? आणि वर म्हणाला, हे पान कशाचं आहे बाई, लोकांनी बिडी सोडली तर तुम्ही खाणार काय? तेव्हा मी पुन्हा पुडे उलटायला गेले. उत्तर आता देते. जिथं श्वास घ्यायला बसू देत नाहीत, त्या कामाची मेहरबानी कोणी मला दाखवू नये.

मग एका दुपारी यांना भोवळ आली. पुड्यांच्या रांगेत हे उकिडवे बसले आणि उठता येईना. मुन्शी लांबून ओरडत होता. मी धावणार तोच मोहाखालून भासरे उठले. ऊन तुडवत आले, तोंडातल्या बिडीवर दुसरी पेटवली, यांच्या बोटांत दिली आणि बखोटीला धरून यांना सावलीत नेलं. नेता नेता म्हणाले ते मला स्पष्ट ऐकू आलं.

"ओढू नको. नुसती धर आन् बस."

मुन्शीनं यांच्या हातातली बिडी पाहिली आणि तोंड फिरवलं. झाडाखालच्या सगळ्यांना भासऱ्यांची अक्कल फार आवडली. आणि मी हातात पुडे घेऊन तिथंच उभी. समोर भासरे, भोवती गावची माणसं. धावत जाऊन ती बिडी हिसकावून फेकावी असं वाटत होतं, पण पाय उचलला नाही. तसं करता येतं हेच मुळी माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून यांना सुट्टी मिळू लागली. रोज भासरे बिडी पेटवून देत, रोज हे ती धरून बसत. ज्या माणसानं मोठ्या कष्टानं बिडी सोडली, त्याच्या बोटांत दिवसातून कितीदा तरी पेटलेली बिडी द्यायची आणि ओढू नको म्हणायचं. प्रेमापोटी द्यायची! भासऱ्यांनी वैरभावानं हे केलं असतं तर मी त्यांना शिव्याशाप देऊन मोकळी झाले असते. पण त्यांच्या मनात भावाला सावली मिळावी एवढंच होतं. मला त्यांचा धड द्वेषही करता येत नव्हता, याचा तर सगळ्यात जास्त राग यायचा.

थोडे दिवस हे नुसती धरून बसले. मग एकदा मी पुडे उलटता उलटता मान वर केली, तर यांच्या नाकातून धूर येत होता. मी पाहिलं हे यांनीही पाहिलं. यांनी मान खाली घातली आणि दुसरा झुरका मारला.

घरी मी फार बोलले. चण्यांची पिशवी आपटली, रडले, दोऱ्यांच्या वेटोळ्याकडे बोट दाखवून हे सगळं कशासाठी वळलं म्हणून विचारलं. हे भिंतीला टेकून बसले होते. मग म्हणाले.

"बसाले त भेटते ना व मले. तू काऊन जीव काढून राह्यली?"

मी आपटलेली पिशवी उचलून ठेवली. जाऊबाईंकरवी भासऱ्यांना निरोप धाडला, यांच्या हातात बिडी देऊ नका. उलट निरोप आला, की नुसतं धरणं म्हणजे पिणं नव्हे.

पावसाळ्यात हे रोवण्याला उतरूच शकले नाहीत. पुन्हा दवाखाना. त्याच टेबलावर तोच डबा. डॉक्टर यांना खूप रागावले, म्हणाले, सांगितलं होतं ना, तुम्ही लोक ऐकत नाही. हे अपराध्यासारखे खाली पाहत बसले. फळीवर काय झालं ते मी सांगू लागले, तर डॉक्टरांनी हात वर करून मला थांबवलं, बाहेर रांग होती. बाहेर येऊन मी बैलगाडीपाशी तेच तेच बोलत राहिले. तुम्ही लोक ऐकत नाही! ऐकलं होतं की. यांच्याइतकं कोणी ऐकलं नसेल. ऐकणाऱ्याला धरून ठेवायला मात्र कोणीच नव्हतं.

धान कापणीला आलं त्याच्या आधीच हे गेले. शेवटी शेवटी यांना झोपताच येत नसे. उशीवर डोकं ठेवलं की गुदमरायचे, म्हणून मी पाठीला पाठ लावून बसायची आणि माझ्या पाठीच्या आधारानं हे श्वास ओढायचे. बिडी तेव्हा सुटली होती. ओढायला छातीच उरली नव्हती.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवले. पानावर यांच्या आवडीचं वाढलं, भात, वडे, तळलेले मासे. कावळे झाडावर बसलेले, पण खाली येईनात. बायकोकडे पाहू म्हणून कोणी सांगितलं, शेत सांभाळू म्हणून कोणी सांगितलं. कावळा हलेना. तेव्हा भासऱ्यांनी खिशातून कट्टा काढला, एक बिडी पेटवली आणि पानावर भाताशेजारी ठेवली. त्याला हिची फार आवड होती, असं म्हणून डोळे पुसले. लोकांनी माना डोलावल्या.

मी बायकांमधून उठले. कशी उठले ते आठवत नाही. पिंडापाशी गेले, ती बिडी उचलली आणि नदीत फेकली. मग भासऱ्यांसमोर उभी राहिले. त्यांना काय म्हणून हाक मारायची तेही मला ठाऊक नव्हतं, म्हणून नुसतं भाऊ म्हटलं.

"भाऊ, त्यायले बिडी नाई आवडे. त्यायले नुसतं बसाचं होतं."

 जाऊबाईंनी मला धरून मागं नेलं. भासरे कितीतरी वेळ पानाकडे पाहत राहिले. कावळा आला की नाही ते मी पाहिलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा फळी लागली. जायचं नव्हतं, पण पोट होतं. पहिल्याच दिवशी मुन्शीनं बिडी पिऊन घ्या म्हणून हाळी दिली. बिडीवाले मोहाखाली गेले. भासरे मात्र उन्हात आले आणि रांगांत वाकलेल्या आम्हा बायकांकडे पाहून मोठ्यानं म्हणाले, या, सावलीत बसा, बिडी असो का नसो. मुन्शी ओरडला. भासरे त्याच्याकडे नुसते पाहत राहिले. हा माणूस गेला तर पोती कोण लादणार, हे मुन्शीला कळत होतं. तो वळून पुडे मोजू लागला.

बस्स. इतकंच करायचं होतं. एका माणसानं उन्हात उभं राहून दोन शब्द बोलायचे होते. सगळ्या फळीनं भासऱ्यांचं कौतुक केलं. माझ्या मनात एकच चाललं होतं, हेच एक उन्हाळा आधी केलं असतं तर? आमचे हे गेल्यावर सुचलं सगळ्यांना. तो राग आज इतक्या वर्षांनीही तसाच आहे, कोणी काढू म्हटलं तर निघायचा नाही.

बायका मोहाखाली बसल्या. मला बसता यावं म्हणून भासरे रिवाजाप्रमाणे मोहाखाली न येता लांब, फळीबाहेरच्या एका खुरट्या झाडाशी जाऊन बसले, कट्टा काढला, बिडी पेटवली, आणि त्यांना ढास लागली. मी ती ओळखली. दोन पावसाळे मी ती ऐकली होती. ते एका हातानं झाड धरून, तोंड उघडून हवा शोधत होते, आणि बोटांतली बिडी तशीच जळत होती.

जाऊबाई मला बस म्हणून हात ओढत होत्या. मी हात सोडवला. भर उन्हातून चालत भासऱ्यांपाशी गेले. त्यांनी मला येताना पाहिलं आणि लगबगीनं उठू लागले, कारण मी असताना त्यांनी तिथं थांबायचं नव्हतं. मी त्यांच्या बोटांतली बिडी काढून घेतली आणि मातीत चिरडली. बसा म्हटलं. ते बसले. मग सगळी फळी पाहत असताना मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. माझा राग गेला नव्हता, मी रागातच बसले होते. त्यांचा हात पुन्हा खिशाकडे गेला तेव्हा मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. मुन्शी कामाला लागा म्हणून ओरडेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून होतो.